बाबूजींची उशिरा आलेली गवाही

२ फेब्रुवारी १९७७. लोकसभा निवडणुकीची घोषणा होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. केंद्रीय कृषिमंत्री जगजीवन राम यांनी त्या दिवशी मंत्रिपदाचा आणि काँग्रेसचाही राजीनामा दिला. उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा आणि ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी त्यांच्यासोबत होत्या. तिघांनी मिळून ‘काँग्रेस फॉर डेमोक्रसी’ हा नवा पक्ष काढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : पक्षात लोकशाही उरलेली नाही, निर्णय मूठभरांच्या हाती गेले आहेत, देश भीतीखाली वावरतो आहे, आणीबाणी आणि मिसा ताबडतोब रद्द करा.

यातली एकही गोष्ट नवी नव्हती. हेच बोलल्याबद्दल गेल्या दीड वर्षात हजारो माणसे तुरुंगात गेली होती. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली अटक झालेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक होती, हे नंतर शाह आयोगाच्या चौकशीत उघड झाले. नवे होते ते फक्त बोलणारे तोंड. आजवर बाहेरचे लोक जे सांगत होते, ते आता आतला माणूस सांगत होता.

सत्तेच्या आत बसलेला माणूस निवडणुकीच्या तोंडावर बाहेर येतो आणि आपल्याच नेत्याबद्दल लोकांना सावध करतो, तेव्हा त्याचे किती ऐकायचे? त्याला गद्दार म्हणायचे, संधिसाधू म्हणायचे की गवाह? हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. आपल्याकडे त्याचे उत्तर १९७७ मध्ये मतपेटीतून मिळाले होते. मात्र ते उत्तर वाटते तितके सरळ नाही.

ठराव मांडणारे हात

जगजीवन राम म्हणजे काही साधे मंत्री नव्हते. बिहारमधल्या आरा भागातल्या चांदवा गावात १९०८ मध्ये एका दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४६च्या हंगामी सरकारात ते नेहरूंचे सर्वांत तरुण सहकारी होते. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांच्या पक्षाचे अध्यक्ष झाले. १९७१च्या बांगलादेश युद्धात संरक्षणमंत्री तेच होते. लोक त्यांना बाबूजी म्हणत. इंदिरा गांधींच्या राजकारणाच्या पायाभरणीत ज्यांनी खांदा दिला, त्यांत त्यांचे नाव फार वरचे आहे.

आणि म्हणूनच त्यांच्या गवाहीतली अडचणही मोठी आहे.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी रायबरेलीतली इंदिरा गांधींची निवड रद्द केली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या आदेशावर सही केली. मंत्रिमंडळाला हे कळले दुसऱ्या दिवशी पहाटे, सही झाल्यानंतर. त्या बैठकीत एकाही मंत्र्याने विरोध केला नाही. स्वर्ण सिंह यांनी एखादी शंका विचारली, एवढेच. बाबूजी गप्प बसले. पुढे २१ जुलै १९७५ रोजी आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत मांडण्यात आला. तो मांडणारे मंत्री जगजीवन रामच होते.

म्हणजे ज्या इमारतीला त्यांनी १९७७ मध्ये कैदखाना म्हटले, तिच्या दारावरची पाटी त्यांच्याच हाताने लागली होती. राजीनाम्यानंतर त्यांना पहिला सवाल हाच झाला : इतके महिने तुम्ही गप्प का होतात? विचारणारे काँग्रेसचे होते, म्हणून तो सवाल खोटा ठरत नाही. शिवाय संजय गांधींच्या युवक काँग्रेसला उमेदवारीत मोठा वाटा मिळणार आणि जुन्या नेत्यांची तिकिटे कापली जाणार, अशी चर्चा त्या काळात जोरात होती. पंतप्रधानपदावर बाबूजींची नजर होती, हेही लपून राहिलेले नव्हते.

जे आधी बोलले, जे बोललेच नाहीत

बाबूजींची गवाही तोलायची तर त्यांच्या शेजारी इतर आतल्या माणसांनाही उभे करून पाहायला हवे.

पहिले मोहन धारिया. महाडजवळच्या नाते गावचे, काँग्रेसमधल्या तरुण तुर्कांपैकी एक, केंद्रात राज्यमंत्री. सरकारने जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलावे, भांडण चिघळवू नये, असे ते उघडपणे म्हणाले. मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढले गेले. तेव्हा आणीबाणी यायला जवळपास चार महिने होते. ती आल्यावर ते तुरुंगात गेले. काँग्रेसच्या कार्यकारिणीत असलेले चंद्रशेखरही तुरुंगात गेले. ही गवाही वेळेवर आली होती आणि तिची किंमतही मोजली गेली होती. पण ती कुणी ऐकली? वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि हे आवाज भिंतीआड गेले.

दुसरे पी. एन. हक्सर. इंदिरा गांधींचे प्रधान सचिव आणि बँक राष्ट्रीयीकरणापासून बांगलादेशपर्यंतच्या निर्णयांमागचा मेंदू. संजय गांधींच्या मारुती प्रकल्पाबद्दल त्यांनी इंदिराजींना आतल्या आत सावध केले होते. त्यानंतर ते बाजूला पडत गेले. आणीबाणी लागल्यावर कनॉट प्लेसमधल्या त्यांच्या नातेवाइकांच्या ‘पंडित ब्रदर्स’ या दुकानावर छापा पडला, घरच्या वडीलधाऱ्यांना अटक झाली. तरीही हक्सर नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदावर राहिले. निवडणुकीत ते लोकांसमोर येऊन बोलले नाहीत. सगळ्यांत जास्त माहिती असलेला माणूस सगळ्यांत जास्त गप्प राहिला.

तिसरे यशवंतराव चव्हाण. ते परराष्ट्रमंत्री होते आणि मनातून अस्वस्थ असल्याचे सांगितले जाई. पण १९७७ मध्ये ते इंदिरा गांधींसोबतच राहिले. वेगळी वाट त्यांनी १९७८ मध्ये धरली. तेव्हा सत्ता गेलेली होती.

या रांगेत पाहिले तर बाबूजी ना सर्वांत धाडसी ठरतात, ना सर्वांत भित्रे. धारियांच्या मानाने ते दोन वर्षे उशिरा आले. चव्हाणांच्या मानाने वर्षभर आधी. पण निवडणूक व्हायच्या आत आले आणि त्या वेळी निकाल काय लागेल हे कुणालाच ठाऊक नव्हते. इंदिरा गांधी पुन्हा जिंकल्या असत्या तर त्यांचे काय झाले असते, हा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही.

पहिली गवाही तुर्कमान गेटची

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाबूजींच्या गवाहीचे गोडवे गाताना ती नेहमी विसरली जाते.

आणीबाणी काय चीज आहे, हे दिल्लीच्या तुर्कमान गेटच्या लोकांना एप्रिल १९७६ मध्येच कळले होते. पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या घरांवर बुलडोझर आले. जवळच दुजाना हाऊसमध्ये नसबंदीचे शिबिर सुरू होते. १९ एप्रिलला लोक रस्त्यावर उतरले तेव्हा पोलिसांनी गोळ्या चालवल्या. किती माणसे मेली, याच्या सरकारी आकड्याचा आणि मोहल्ल्यातल्या आकड्याचा आजही मेळ बसत नाही. वर्तमानपत्रांत ही बातमी छापता आली नाही. १८ ऑक्टोबर १९७६ रोजी मुजफ्फरनगरच्या खालापार भागात नसबंदीला विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. नोव्हेंबरमध्ये मेवातमधल्या उटावड गावाला पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना गाड्यांत भरून नसबंदीसाठी नेले.

१९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्याआधीच्या वर्षी हा आकडा २६-२७ लाखांच्या आसपास होता. या मोहिमेत फक्त मुसलमान भरडले गेले असे नाही. दलित, भूमिहीन, फुटपाथवर झोपणारे, दवाखान्यात दुसऱ्याच कामासाठी गेलेले, असे सगळेच त्यात सापडले. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा होऊ शकले नाही, इतकेच.

अब्बा त्या काळातल्या गोष्टी सांगत. मराठवाड्यातले आमचे गाव. शाळेच्या गुरुजींना ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट दिलेले, त्याशिवाय पगार निघत नसे. तालुक्याला जाणारी तरुण पोरे स्टँडच्या अलीकडेच बसमधून उतरत आणि शेतातल्या पाऊलवाटेने गावात शिरत. रात्री पुरुष मळ्यात झोपायला जात. हे सगळे घडत असताना बाबूजी दिल्लीत मंत्री होते.

म्हणून माझ्या लेखी १९७७ची पहिली गवाही तुर्कमान गेटची, खालापारची आणि उटावडची आहे. ती वर्षभर आधी दिली गेली होती. ती देणाऱ्यांकडे ना पद होते, ना पत्रकार परिषद. त्यांचे शब्द ‘अफवा’ या खात्यात जमा झाले. मंत्र्याने तेच सांगितले तेव्हा ती बातमी झाली.

यात आपल्या समाजातल्या आतल्या माणसांचाही हिशेब येतो. आदेशावर सही करणारे राष्ट्रपती मुसलमान होते. अबू अब्राहम यांनी न्हाणीच्या टबातून कागदावर सही करणाऱ्या राष्ट्रपतींचे व्यंगचित्र काढले, ते आजही लोकांच्या आठवणीत आहे. सत्ताधारी पक्षातले बहुतेक मुस्लिम पुढारी तुर्कमान गेटनंतरही जाहीरपणे बोलले नाहीत. दिल्लीत उघडपणे पुढे आले ते जामा मशिदीचे इमाम अब्दुल्ला बुखारी. धर्मपीठावरून मत मागण्याची रीत मला तेव्हाचीही पटत नाही आणि आजचीही नाही. पण ते का पुढे आले, हे समजून घेताना निवडून आलेल्या आपल्या माणसांचे मौन लक्षात घ्यावेच लागते.

रामलीला मैदान

६ फेब्रुवारी १९७७ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. जयप्रकाश नारायण आणि जगजीवन राम त्या दिवशी एका व्यासपीठावर येणार होते. लोक घरातच बसावेत म्हणून दूरदर्शनने संध्याकाळी राज कपूरचा ‘बॉबी’ दाखवला. त्या काळात टीव्हीवर असा गाजलेला सिनेमा लागणे म्हणजे रस्ते ओस पडणे. तरीही मैदान भरले. बाबूंनी बॉबीला हरवले, असा मथळा दुसऱ्या दिवशी गाजला.

मैदानात आलेल्यांना बाबूजींकडून माहिती हवी नव्हती. नसबंदी, बुलडोझर, रात्रीच्या अटका, सगळे त्यांना ठाऊक होते. त्यांना एवढेच पाहायचे होते की हा माणूस खरेच बाहेर पडला आहे का, आणि बाहेर पडूनही मोकळा फिरतो आहे का. कालपर्यंतचा मंत्री उघड्यावर हे बोलतो आणि त्याला काही होत नाही, म्हणजे आपणही बोलू शकतो. इंदिरा गांधी हरू शकतात, हे लोकांना त्या आठवड्यात पहिल्यांदा खरे वाटू लागले. काही दिवसांनी नेहरूंच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडितही भाचीविरुद्ध प्रचारात उतरल्या.

अब्बांनी ही बातमी बीबीसीच्या उर्दू कार्यक्रमात ऐकली होती. ते म्हणत, “नवा कुच नै बोले बाबूजी. पर लोगां का डर निकाल दिए.”

नकाशा काय सांगतो?

मार्चमध्ये निकाल लागला. काँग्रेस १५४ जागांवर आली. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य, दिल्ली, हरियाणा आणि पंजाबात शून्य. रायबरेलीत इंदिरा गांधी ५५ हजारांहून अधिक मतांनी पडल्या. संजय गांधी अमेठीत पडले. २१ मार्चला आणीबाणी उठली.

बाबूजींच्या राजीनाम्यामुळे हे घडले, असे लिहिण्याचा मोह होतो. पण त्याच निकालाचा दक्षिणेकडचा भाग पाहा. आंध्र प्रदेशात काँग्रेसला ४२ पैकी ४१ जागा मिळाल्या, कर्नाटकात २८ पैकी २६. केरळात काँग्रेस आघाडीने सगळ्याच्या सगळ्या २० जागा जिंकल्या. बाबूजींचा राजीनामा हैदराबादलाही कळला होता आणि बंगळुरूलाही. तरी तिथे मत फिरले नाही. दक्षिणेत जनता पक्षाची मुळे नव्हती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की नसबंदीचा आणि बुलडोझरचा जो कहर उत्तरेत झाला, तितका तिकडे झाला नव्हता. महाराष्ट्र मधोमध राहिला. १९७१ मध्ये इथे काँग्रेसला ४५ पैकी ४२ जागा होत्या. १९७७ मध्ये ४८ पैकी २० उरल्या. पुण्यातून मोहन धारिया निवडून आले.

केरळचे उदाहरण तर अंगावर येते. कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला राजन नावाचा विद्यार्थी १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी उचलला आणि कक्कयम छावणीत त्याचा छळ करून जीव घेतला. वडील ईचर वारियर दारोदार फिरले. सरकारातले कुणी तोंड उघडले नाही. केरळने मत दिले ते राजनचे काय झाले हे न कळताच. निवडणुकीनंतर वडील उच्च न्यायालयात गेले, तेव्हा सत्य बाहेर आले आणि नुकतेच मुख्यमंत्री झालेल्या के. करुणाकरन यांना महिनाभरात राजीनामा द्यावा लागला. छावणीतल्या एकाही माणसाने मतदानाआधी गवाही दिली असती तर निकाल बदलला असता का, हे सांगता येत नाही. पण मतदाराला निदान कळून-सवरून मत देता आले असते.

यावरून मला एक गोष्ट दिसते. लोकांनी जे सोसले आहे त्याला आतल्या माणसाची गवाही आवाज देते. न सोसलेले ती सहसा पटवू शकत नाही.

अमेरिकेत काय झाले?

हीच कसोटी अलीकडे अमेरिकेत लागली. ५ नोव्हेंबर २०२४च्या मतदानाला दोन आठवडे उरले असताना जॉन केली बोलले. हे निवृत्त मरीन जनरल दीड वर्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या व्हाइट हाऊसचे चीफ ऑफ स्टाफ होते. आपला जुना साहेब फॅसिस्ट या शब्दाच्या व्याख्येत बसतो, असे त्यांनी न्यू यॉर्क टाइम्सला सांगितले. माजी लष्करप्रमुख मार्क मिली यांचे मतही असेच होते. माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन हे ट्रम्प यांचे उघड टीकाकार होते. ज्या उपाध्यक्षाने चार वर्षे सोबत काढली, त्या माइक पेन्स यांनीही पाठिंबा दिला नाही. इतक्या वरच्या पदावरच्या, इतक्या आतल्या लोकांनी आपल्याच माजी अध्यक्षाविरुद्ध बोलणे अमेरिकेत क्वचितच घडले असेल. ट्रम्प ५३८ पैकी ३१२ प्रतिनिधी-मते घेऊन जिंकले.

१९७७ मध्ये जे चालले ते इथे का चालले नाही? इंदिरा गांधी तेव्हा सत्तेत होत्या आणि दडपशाही चालू वर्तमानात होती. ट्रम्प सत्तेबाहेर होते. लोकांच्या डोक्यात महागाई होती आणि तिचा राग सत्तेत बसलेल्यांवर होता. केली जे सांगत होते ते त्यांनी बंद दाराआड पाहिले होते. बहुतेक मतदारांच्या उंबऱ्यापर्यंत ते आलेले नव्हते. ज्यांच्या आले होते, ते संख्येने थोडे होते. ‘नोकरीवरून गेलेल्या माणसाचा राग’ एवढे म्हणून समर्थकांना ती गवाही बाजूला सारता आली. आंध्रच्या मतदाराने ४७ वर्षांपूर्वी जे केले, त्याहून हे फार वेगळे नाही.

म्हणून केली खोटे ठरतात का? नाही. निवडणुकीचा निकाल हा गवाहीच्या खरेखोटेपणाचा निवाडा नसतो. १९८० मध्ये त्याच भारतीय मतदाराने इंदिरा गांधींना ३५३ जागा देऊन परत आणले. त्या निवडणुकीत जनता पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार होते जगजीवन राम आणि पक्षाला मिळाल्या ३१ जागा. लोकांनी बाबूजींची गवाही घेतली होती, पण त्यांना गादी देण्याचा वायदा केला नव्हता. आणि १९८०च्या निकालाने तुर्कमान गेटची घरे पुन्हा उभी राहिली नाहीत.

मग ऐकायचे कसे?

आतला माणूस बाहेर आला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक बाजू हार घालते, दुसरी ‘घर का भेदी’ म्हणून हिणवते. मला वाटते, त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत. त्याने आत असताना कशावर सही केली? बाहेर पडताना काय गमावले? आणि तो जे सांगतो आहे, ते ज्यांनी सोसले त्यांच्या बोलण्याशी जुळते का?

बाबूजींना पहिल्या प्रश्नात गुण मिळत नाहीत. दुसऱ्यात थोडे मिळतात. तिसऱ्यात मात्र ते पूर्ण उतरतात, कारण ते जे बोलले ते तुर्कमान गेटच्या एखाद्या बेघर बाईच्या बोलण्याशी तंतोतंत जुळत होते. तिचे आधीच ऐकले असते तर बाबूजींची वाट पाहण्याची पाळी आली नसती.

अब्बा गेले त्याला बरीच वर्षे झाली. मार्च १९७७ मध्ये त्यांनी आयुष्यातले पहिले मत दिले. ते कुणाला दिले, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. मतदान करून परतताना मात्र ते बसमधून थेट स्टँडवरच उतरले, एवढे आवर्जून सांगत.